पंडिता रमाबाई : आश्रितांच्या हक्कांसाठी झटलेली एक विदुषी



आज आपण ज्या स्त्रीचे चरित्र वाचणार आहोत ती कॅथलिक नव्हती. तिचा स्नानसंस्कार इंग्लंडच्या चर्चमध्ये झाला आणि पुढे तिने स्वतःला कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत फारसे बांधून घेतले नाही. तरीही महाराष्ट्रातल्या कोणत्याही ख्रिस्ती घरात तिचे नाव आदराने घेतले जाते. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंची ओळख आपल्याला बहुतेक तीन गोष्टींमुळे असते. त्या संस्कृतच्या गाढ्या पंडिता होत्या, त्यांनी केडगावचे मुक्ती मिशन उभे केले आणि त्यांनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठीत भाषांतर केले. या तिन्ही गोष्टी मोठ्याच आहेत. पण त्यांच्या आयुष्यात आणखी एक धागा सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतो आणि त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. जी माणसे दुसऱ्याच्या छपराखाली, दुसऱ्याच्या अन्नावर, दुसऱ्याच्या देखरेखीखाली राहतात, त्यांचे काय हक्क असतात? आश्रम, गरीबखाना, रुग्णालय, विधवागृह यांच्या भिंतींच्या आत काय चालते, हे कोण बघणार? सांभाळणाऱ्यांना जाब कोण विचारणार? हे प्रश्न रमाबाईंनी सरकारला विचारले, समाजाला विचारले आणि स्वतःच्या धर्मगुरूंनाही विचारले. आज गावोगावी वृद्धाश्रम निघत आहेत, म्हातारी माणसे एकटी पडत आहेत. अशा वेळी रमाबाईंच्या जीवनाची ही बाजू आपण समजून घेतली पाहिजे.

दुष्काळात पोरकी झालेली मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील पश्चिम घाटात गंगामूळ या ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. बायकांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळी दंडक होता, पण अनंतशास्त्रींनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्यासाठी त्यांना शास्त्री मंडळींना तोंड द्यावे लागले. पुढे लक्ष्मीबाईंनी हीच विद्या धाकट्या लेकीला दिली. पहाटे उठून आई शिकवायची आणि मुलगी पाठ करायची.

घरची परिस्थिती खालावली तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळांत आणि घाटांवर पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. १८७० च्या दशकात दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते संपले. भीक मागणे त्यांच्याने होईना आणि कष्टाची कामे कधी शिकलेली नव्हती. काही काळाच्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. राहिली ती रमा आणि भाऊ श्रीनिवास. उपाशीपोटी, अनवाणी ही भावंडे हजारो मैल चालली.

भूक म्हणजे काय हे रमाबाईंना पुस्तकातून कळलेले नव्हते. पुढे त्या दुष्काळी छावण्यांत गेल्या, तेव्हा जमिनीवर पडलेल्या मुलींकडे पाहताना त्यांना आपलेच दिवस दिसत होते. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, मिळालेली सुकडी लेकरांना पुरवून खाऊ घातलेली पिढी आज म्हातारी झाली आहे. दुष्काळ माणसाची लाज आणि मान कसा काढून घेतो, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

पंडिता, पत्नी आणि विधवा

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सगळीकडे तिचा बोलबाला झाला. पण १८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे दोन्हीकडच्यांचा रोष ओढवला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीला पटकी झाली आणि त्यातच त्यांचे निधन झाले. तेवीस वर्षांच्या वयात रमाबाई विधवा झाल्या, कडेवर वर्षाचेही न झालेले मूल.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन केला. सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींना स्त्रीशिक्षिका हव्यात आणि आजारी बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात, हा त्यांचा आग्रह होता. पुरुष डॉक्टरला दाखवायच्या संकोचापायी अनेक स्त्रिया उपचाराविना मरत, हे त्यांनी स्पष्ट मांडले. इथेच त्यांच्या विचाराची दिशा दिसते. दवाखाना बांधला म्हणजे काम झाले असे नाही. तिथे येणाऱ्या माणसाला मान राखून उपचार घेता आले पाहिजेत.

लंडनमधले एक घर

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्यांना डॉक्टर व्हायचे होते, पण ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचे शिक्षण घेता आले नाही. हा दोष त्यांना जन्मभर पुरला.

धर्मभगिनींनी त्यांना काही दिवस लंडनमधील फुलहॅम येथे पाठवले. तिथे या भगिनी, समाजाने वाळीत टाकलेल्या आणि वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवीत. अशा बायकांना आपल्याकडे कोणी उंबऱ्याशी उभे करत नसे. इथे मात्र सुशिक्षित, घरंदाज स्त्रिया त्यांच्याशी प्रेमाने बोलत होत्या, त्यांना काम शिकवत होत्या, पुन्हा उभे राहायला हात देत होत्या. रमाबाई हलून गेल्या. हे बळ तुम्हाला कुठून मिळते, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना प्रभू येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीकाठची भेट योहानाच्या शुभवर्तमानातून उलगडून सांगितली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह स्नानसंस्कार घेतला.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्यांना ख्रिस्ताकडे वळवण्यात या आश्रयगृहातील वागणुकीचा मोठा वाटा होता. वादविवादात त्या भल्याभल्यांना ऐकत नसत. एखाद्या संस्थेत सर्वांत तुच्छ मानलेल्या माणसाला कसे वागवले जाते, त्यावरून त्या संस्थेचा देव ओळखू येतो, हे त्यांनी तिथे पाहिले.

पण म्हणून त्या आज्ञाधारक होऊन राहिल्या असे नाही. वडिलकीच्या नात्याने काही भगिनी आणि बिशप त्यांच्या विचारांवर व कामावर मर्यादा घालू लागले, तेव्हा रमाबाईंनी त्यांना नम्रपणे पण ठामपणे विरोध केला. मी तुमच्या आश्रयाला आहे म्हणून माझी सदसद्विवेकबुद्धी तुमच्या हवाली केलेली नाही, हा त्यांचा पवित्रा होता. स्वतः आश्रित असताना त्यांनी ही भूमिका घेतली, म्हणून तिला अधिक मोल आहे.

शारदा सदन आणि एक अवघड प्रश्न

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. त्यातून बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शिक्षणगृहासाठी दहा वर्षांच्या मदतीची हमी मिळाली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. पहिली विद्यार्थिनी होती गोदूबाई नावाची तरुण विधवा. पुढे १८९३ मध्ये तिचा महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्ध झाली. सदनात मुलींना आपापले रीतिरिवाज पाळण्याची मुभा होती. विधवा म्हणजे अशुभ, तिने कोपऱ्यात बसावे, एकवेळ जेवावे, अशा समजुतीत वाढलेल्या मुली इथे बागेत हिंडत, वाचत, हसत.

मग वाद पेटला. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. बातमी बाहेर गेली. सदनात धर्मांतर चालते असा गवगवा झाला, केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते की मी कोणालाही बोलावत नाही, पण आपणहून येणाऱ्या मुलीला हाकलूनही देणार नाही. काय मानायचे ते ठरवण्याचा अधिकार त्या मुलीचा आहे.

या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणायचे होते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सदन सुरू होताना धर्माच्या बाबतीत तटस्थतेचे वचन दिलेले होते, म्हणून पालकांना फसल्यासारखे वाटले. शिवाय ज्याच्या हातात आपले जेवण आहे, त्याच्या श्रद्धेला नकार देणे सोपे नसते. दुसरीकडे, त्या मुलींना मन आहे, विचार आहे, हे समाजाने तोवर कधी मानलेच नव्हते. पालक, सुधारक, सनातनी सगळे त्यांच्याविषयी बोलत होते. त्यांना कोणी विचारत नव्हते. पुढे १८९८ नंतर रमाबाईंनी केडगावचे काम उघडपणे ख्रिस्ती म्हणून चालवले, म्हणजे येणाऱ्याला आधीच ठाऊक असेल. आपल्या ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत, डिसेंबर १९६५ मध्ये, धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती असता कामा नये असे निःसंदिग्धपणे शिकवले. आश्रमात, वसतिगृहात, दवाखान्यात सेवा करणाऱ्या प्रत्येकाने ही शिकवण मनात ठेवायची आहे.

गरीबखान्यात काय दिसले

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. १८९७ च्या सुरुवातीला रमाबाई तिकडे गेल्या. सरकारने दुष्काळग्रस्तांसाठी गरीबखाने आणि दुष्काळी कामांच्या छावण्या काढल्या होत्या. कागदोपत्री सगळी व्यवस्था होती. रमाबाईंनी आत जाऊन पाहिले. एक गरीबखाना तर घरच नव्हता, गावाबाहेरची झाडी होती. माणसे राखेत आणि घाणीत पडलेली होती. आजारी, धडधाकट, म्हातारी, लहान मुले सगळी एकत्र. अन्न निकृष्ट होते आणि तेही सर्वांपर्यंत पोहोचत नव्हते.

याहून भयंकर गोष्ट वेगळीच होती. या ठिकाणी तरुण मुलींना वाली नव्हता. ज्या मुकादमांच्या हाती धान्य वाटण्याचे काम होते, त्यांतलेच काही जण त्या मुलींच्या असहायतेचा गैरफायदा घेत. मूठभर धान्यासाठी मुलींना अब्रू द्यावी लागे. बाहेर मुली पळवणारी माणसे टपलेली असत. रमाबाईंनी हे सगळे आपल्या दुष्काळातील अनुभवांत स्पष्ट लिहिले आणि छापले. मुलींच्या देखरेखीला जबाबदार स्त्रिया असाव्यात, स्त्रियांची राहण्याची जागा वेगळी असावी, या गोष्टी आज आपल्याला साध्या वाटतात. त्या वेळी त्या कोणाच्या डोक्यातही नव्हत्या.

त्याआधी त्या वृंदावन-मथुरेलाही जाऊन आल्या होत्या. तिथे देशभरातून आलेल्या विधवा देवाच्या नावाने राहत. त्यांची खरी स्थिती कळावी म्हणून रमाबाई साध्या यात्रेकरू भिकारणीच्या वेशात गेल्या. पाहुणी म्हणून गेलेल्या माणसाला संस्था आपला चांगलाच चेहरा दाखवते, हे त्यांना ठाऊक होते. तिथेही विधवांचे शोषण त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, पोटे खपाटीला गेलेली. कित्येकींना जेवणावर विश्वासच बसत नसे. उद्या मिळेल न मिळेल म्हणून त्या भाकरी लपवून ठेवत.

प्लेगच्या रुग्णालयासाठी आवाज

त्याच १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. सरकारने सैनिकांकरवी घराघरांची झडती सुरू केली. संशयितांना रुग्णालयात आणि विलगीकरण छावणीत नेले जाई. एकदा आत गेलेल्या माणसाची खबर घरच्यांना मिळणे कठीण होते. रमाबाईंच्या देखरेखीखालच्या काही मुलींनाही नेण्यात आले. त्यांतल्या एका मुलीचे रुग्णालयात नेल्यावर वाईट झाले, ती पहारेकऱ्याच्या हाती पडली, असे रमाबाईंना समजले.

त्या गप्प बसल्या नाहीत. मुंबईच्या बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती साप्ताहिकात त्यांनी पत्र लिहून रुग्णालयातील आणि छावणीतील स्त्रियांच्या सुरक्षिततेबद्दल सरकारला जाहीर जाब विचारला. पत्राची दखल थेट लंडनच्या पार्लमेंटात घेतली गेली, तिथे प्रश्न विचारला गेला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळून लावले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. त्यांनी पुन्हा लिहून आपले म्हणणे कायम ठेवले.

या धैर्याची किंमत समजण्यासाठी तो काळ पाहावा लागेल. २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरकारने धरपकड सुरू केली. विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्लेगबंदोबस्तातील अत्याचारांविषयी केलेले आरोप पुराव्याअभावी परत आल्यावर माघारी घेतले आणि जाहीर माफी मागितली. मोठमोठे पुढारी अडचणीत आलेले असताना एक विधवा, ख्रिस्ती झाल्यामुळे स्वजनांना परकी, हिंदी म्हणून सरकारला परकी, एका अनाथ मुलीसाठी गव्हर्नरशी वाद घालत होती. तिच्या संस्थेचे भवितव्य सरकारी मर्जीवर अवलंबून होते. नेमके त्याच वेळी प्लेगच्या कारणाने पुण्यात नव्या मुली ठेवण्यास मनाई झाली होती. गप्प राहणे सोयीचे होते, पण त्या गप्प राहिल्या नाहीत.

मुक्ती : आश्रितांचे गाव

पुण्यात जागा मिळेना, म्हणून रमाबाईंनी मुलींना केडगावला नेले. तिथे त्यांनी आधीच शेतजमीन घेतलेली होती. परभणीहून मनमाड-दौंडमार्गे पुण्याकडे जाताना दौंडच्या पुढे हे केडगाव स्टेशन लागते. सुरुवातीला तंबू आणि झोपड्या होत्या. हळूहळू इमारती उभ्या राहिल्या. नाव ठेवले मुक्ती.

१८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्यालाही त्याची झळ बसली. गुजरातेत तर हाहाकार उडाला. रमाबाईंनी माणसे पाठवून तिकडून मोठ्या संख्येने मुली आणल्या. मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या माणसांना रोज दोन वेळा जेवू घालायचे, तेही देणग्यांच्या भरवशावर.

पण रमाबाईंना नुसते जेवू घालायचे नव्हते. मुक्तीत शाळा होती, माग होते, शिवणकाम होते, तेलाची घाणी होती, गाईगुरे आणि मळा होता. छापखाना होता आणि तो स्त्रियाच चालवत. आधी आलेल्या मुली शिकून नंतर आलेल्यांना शिकवत. ज्या मुली भुकेने मरणाला टेकल्या होत्या, त्याच काही वर्षांनी शिक्षिका, परिचारिका, कारागीर झाल्या.

आंधळ्या मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू झाले. त्यांना वाचता येऊ लागले, त्या विणकाम आणि टोपल्या करू लागल्या. फसलेल्या, लैंगिक अत्याचारांना बळी पडलेल्या स्त्रियांसाठी १८९९ मध्ये कृपा सदन निघाले. म्हाताऱ्या आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन होते. कोणी कामाची, कोणी बिनकामाची, असा भेद त्यांनी ठेवला नाही. ज्यांच्याकडून काहीच परतफेड होणार नव्हती, त्यांच्यासाठीही घर होते. आणि ज्यांना जे करता येईल ते काम त्यांना दिलेले होते, कारण काहीच न करता दुसऱ्याच्या दयेवर बसून राहण्याने माणूस आतून खचतो.

आपल्या कॅथलिक परंपरेतही अशी उदाहरणे आहेत. फ्रान्समध्ये संत जान जुगान यांनी गरीब वृद्धांना घरी आणले आणि त्यातून गरिबांच्या धाकट्या भगिनींचा संघ उभा राहिला. हवाई बेटांतील मोलोकाई येथे संत डेमियन यांनी कुष्ठरोग्यांसाठी घरे, पाणी, कपडे मिळावेत म्हणून सरकारी आरोग्य मंडळाशी सतत भांडण मांडले आणि १८८९ साली त्याच रोगाने ते मरण पावले. या दोघांनाही पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ ऑक्टोबर २००९ या एकाच दिवशी संतपद बहाल केले. रमाबाई वेगळ्या चर्चच्या असल्या तरी याच वाटेने चालत होत्या.

शेवटची वर्षे

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचे काम हाती घेतले. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत देवाचे वचन असावे, ही त्यांची तळमळ होती. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रिया त्याची जुळणी आणि छपाई करत. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. तीच आईचा उजवा हात होती, तिनेच काम पुढे न्यायचे असे ठरलेले होते. चाळिशीतल्या लेकीचे मरण रमाबाईंनी सोसले आणि भाषांतराचे काम चालू ठेवले. ते पुरे झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. इंग्लंडचे चर्च ३० एप्रिल रोजी त्यांचे स्मरण करते. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

आपण यातून काय घ्यावे?

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. जखमी माणसाला त्याने उचलले, उतारशाळेत नेले, पैसे दिले, हे आपल्याला पाठ आहे. एक गोष्ट मात्र आपण विसरतो. जाताना त्याने मालकाला आपण परत येणार असल्याचे सांगितले. पैसे देऊन तो मोकळा झाला नाही. जखमी माणसाची विचारपूस करायला तो पुन्हा येणार होता, आणि मालकालाही ते ठाऊक होते. रमाबाईंनी जन्मभर हेच केले. आत काय चालले आहे ते त्या पुन्हा पुन्हा पाहायला गेल्या.

बघणारे कोणी नसले म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने अलीकडेही पाहिले. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ जण होरपळून मेले. त्यांना तिथे ठेवणारे त्यांचेच नातेवाईक होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. वृद्धांसाठी २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. त्याप्रमाणे मुलांनी सांभाळले नाही तर आईवडिलांना उपविभागीय अधिकारी दर्जाच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करून निर्वाह खर्च मागता येतो, त्यासाठी वकील लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी सोडून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कायदे आहेत, पण ते म्हाताऱ्या माणसाच्या दारी चालत जात नाहीत. आपल्या जिंतूर तालुक्यातून कितीतरी तरुण कुटुंबे ऊसतोडीला आणि कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसे. म्हणून आपल्या चर्चमधील प्रत्येक घराने काही गोष्टी मनावर घ्याव्यात असे वाटते.

आपल्या ओळखीचे कोणी वृद्धाश्रमात, रुग्णालयात किंवा एखाद्या संस्थेत असेल, तर महिन्यातून एकदा तरी भेटायला जावे, आणि शक्य तर न कळवता जावे. फळे देऊन परत फिरू नये. जवळ बसावे, जेवण कसे आहे, कोणी रागावते का, औषध वेळेवर मिळते का, हे विचारावे. त्यांचे म्हणणे ऐकताना संस्थेचे माणूस शेजारी नसलेले बरे. काही गैर आढळले तर लाजेखातर किंवा उपकाराखातर झाकून ठेवू नये. घरी असलेल्या आईवडिलांनाही, काका-काकूंनाही विचारल्याशिवाय त्यांचा निर्णय आपण घेऊ नये. आणि आपल्याकडून कोणाची सेवा होत असेल तर तिचा बदला म्हणून त्याच्या तोंडाला कुलूप घालू नये.

रमाबाईंना ऐकू कमी येत होते. तरीही गरीबखान्याच्या झाडीत राखेत पडलेल्या मुलीचे म्हणणे त्यांनी ऐकले आणि प्लेगच्या रुग्णालयातल्या मुलीचे गाऱ्हाणे पार्लमेंटपर्यंत पोहोचवले. देवाने आपल्याला धड कान दिले आहेत.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आजाऱ्यांजवळ बसलास आणि त्यांना काय हवे आहे ते त्यांनाच विचारलेस. आमच्या घरांतील, गावातील आणि दूरच्या संस्थांतील सर्व वृद्ध, आजारी, अपंग आणि निराधार माणसांना तुझा सहवास लाभू दे. त्यांची सेवा करणाऱ्यांना प्रेम आणि धीर दे. त्यांच्यावर अन्याय होत असेल तिथे बोलण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.